एकदाच पाहिलेला उत्तर नॉर्वे आणि पेडर बाल्केची तळहाताएवढी चित्रं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात वरवर तीन प्रश्न दिसतात पण मुळात एकच आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून ऑइलमध्ये लँडस्केप करता, नेटवर पेडर बाल्के नावाच्या नॉर्वेच्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराची छोटी काळी-पांढरी समुद्रचित्रं बघितली आणि डोक्यातून जात नाहीत. मग विचारलंय की एवढ्या कमी रंगात तो समुद्र आणतो कसा, आणि तो उत्तरेला एकदाच जाऊन आला आणि पुढे आयुष्यभर तेच रंगवत बसला हे खरं असेल तर तो फॉर्म्युलाच नाही का. शेवटी जाता जाता विचारलंय की इतकं छोटं चित्र प्रदर्शनात लावायचं कसं. आणि मधे एक वाक्य आहे, तुम्हाला कोकणात वर्षातून एखाद्या वेळीच जायला मिळतं, बाकी सगळं घरी बसून, आणि याची तुम्हाला खंत आहे.

तर खरा प्रश्न तो मधला आहे. जागेवर न जाता, आठवणीतून केलेलं लँडस्केप प्रामाणिक असतं का, हे तुम्हाला विचारायचंय. आपल्याकडे लँडस्केप शिकवताना जागेवर जाऊन करण्यावर इतका भर असतो की घरी बसून केलेलं चित्र म्हणजे काहीतरी कमी प्रतीचं असं डोक्यात बसतं. मी बरीच वर्षं ऑइल लँडस्केप करतोय आणि शिकवतोय, त्यामुळे ही खंत मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. बाल्के त्यावर चांगलं उदाहरण आहे, पण त्याचं आयुष्य नीट माहीत नसेल तर त्याच्याकडून चुकीचा धडा घेतला जातो, म्हणून आधी ते सांगतो, जरा लांबेल.

बाल्केचा जन्म १८०४ चा, म्योसा नावाच्या मोठ्या तलावात हेल्गोया बेट आहे तिथला. घर गरिबाचं, स्वतःची जमीन नाही. मूळ नाव पेडर अँडरसन, पुढे टोटेन भागात बाल्के नावाच्या शेतवाडीवर राहायला लागला आणि तेच नाव लावलं. आता महत्त्वाचं हे की तो सुरुवातीला चित्रकार नव्हता, रंगारी होता. शेतकऱ्यांची घरं रंगवायची, आतून नक्षी काढायची हे त्याचं काम. टोटेनच्या शेतकऱ्यांनीच पुढे त्याच्या शिक्षणाला पैसे दिले आणि त्याने बदल्यात त्यांची घरं सजवून दिली. मग क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला, हाइनरिश ग्रोश यांच्या हाताखाली शिकला, तिथून स्टॉकहोमच्या अकादमीत कार्ल योहान फाल्क्रांत्झ यांच्याकडे. १८३० च्या उन्हाळ्यात तेलेमार्कमधून बर्गेनपर्यंत आणि परत डोंगर ओलांडून चालत गेला, वाटेत स्केचेस करत.

आणि १८३२ मध्ये तो फिन्मार्कला गेला. फिन्मार्क म्हणजे नॉर्वेचं पार वरचं टोक, नॉर्थ केप, वार्दो वगैरे. त्या काळात चित्रकार तिकडे जातच नसत. नॉर्वेचे जे चित्रकार नाव मिळवत होते ते पश्चिमेचे फ्योर्ड, धबधबे, डोंगर करत होते, तेही बरेचसे जर्मनीत राहून. बाल्के बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेला, वादळं बघितली, समुद्रातून सरळ वर उठलेले कडे बघितले, त्या कड्यांच्या पायथ्याशी माणसाची होडी केवढीशी दिसते ते बघितलं. म्हातारपणी त्याने आपल्या आठवणी सांगितल्या त्यात या प्रवासाने आपल्यावर जन्मभराचा परिणाम केला असं तो सांगतो. यानंतर त्याच्या चित्रांचा विषय जवळपास ठरूनच गेला.

१८३० च्या दशकात आणि पुन्हा १८४३-४४ ला तो जर्मनीत ड्रेस्डेनला होता, योहान क्रिश्चन डाल या चित्रकाराकडे. डाल हा नॉर्वेचाच, तिथे प्रोफेसर झालेला, निसर्गाचा थेट अभ्यास करा असं सांगणारा. डालच्याच इमारतीत वर-खाली कास्पार डेव्हिड फ्रीडरिश हा जर्मन चित्रकार राहायचा. म्हणजे एकीकडे डोळ्यांनी बघ असं म्हणणारा आणि दुसरीकडे एकाकी माणूस, धुकं, चंद्र यांतून मनातलं काढणारा, आणि बाल्केला दोघेही मिळाले. माझ्या मते त्याचा कल पहिल्यापासून फ्रीडरिशकडे होता, पण डालचं ढगांचं ज्ञान त्याने घेतलंच.

मग पॅरिसचा भाग, आणि हा मला फार लागतो. फ्रान्सचा राजा लुई फिलिप तरुणपणी क्रांतीच्या धामधुमीत देशाबाहेर पडला होता आणि १७९५ मध्ये हिंडत हिंडत थेट नॉर्थ केपला जाऊन आला होता. बाल्के १८४६ च्या सुमारास पॅरिसला गेला, राजाने स्केचेस बघितली, आपण पाहिलेल्या जागा पन्नास वर्षांनी पुन्हा समोर आल्या म्हटल्यावर माणूस हलणारच, आणि बाल्केला व्हर्सायच्या राजवाड्यासाठी मोठं काम देऊ केलं. खेड्यातल्या रंगाऱ्याच्या पोराला फ्रान्सच्या राजाची ऑर्डर! त्याने त्यासाठी छोटी ऑइल स्केचेस केली. पण पॅरिसमधलं वातावरण बिघडत गेलं, १८४८ च्या फेब्रुवारीत क्रांती झाली, राजा इंग्लंडला पळाला आणि काम तिथेच संपलं. त्या स्केचेसपैकी २६ आज लूव्रच्या संग्रहात आहेत. मोठी चित्रं झालीच नाहीत.

बाल्के १८४९ ला लंडनला जाऊन बघून आला, आणि १८५० ला क्रिस्तियानियात स्थायिक झाला. आणि तिथे त्याची चित्रं चालेनात. त्या वेळी चलती होती जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला शिकून आलेल्या चित्रकारांची, हान्स गुडे वगैरे, बारीक तपशील, पानन् पान, दगडन् दगड. बाल्केचं काम त्यांच्यापुढे कच्चं, उरकलेलं वाटायचं. गिऱ्हाईक गेलं, टीका झाली आणि हळूहळू त्याने चित्रकार म्हणून लोकांसमोर येणंच सोडलं. पण माणूस बसून राहिला नाही. शहराबाहेर जमीन घेतली, कामगारांना परवडतील अशी घरं असलेली वस्ती वसवली, तिला बाल्केबी म्हणायचे, ती १८७९ मध्ये आगीत जळाली. पेन्शन मिळावी, चित्रकारांना सरकारी मदत मिळावी यासाठी तो झटत होता. १८८७ मध्ये गेला तेव्हा लोकांना तो समाजकारणातला माणूस म्हणून जास्त माहीत होता, चित्रकार म्हणून विसरल्यासारखाच. १९१४ च्या मोठ्या प्रदर्शनात थोडी चित्रं परत दिसली, पण बाहेरच्या जगाला तो खऱ्या अर्थाने कळला आत्ता आत्ता, २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत प्रदर्शन झालं आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये.

आता तुम्ही बघितलेली ती छोटी चित्रं. ती बहुतेक १८६० नंतरची, म्हणजे विक्री थांबल्यानंतरची, स्वतःसाठी केलेली. बऱ्याच चित्रांवर तारीख नाही, त्यामुळे कुठलं आधी कुठलं नंतर यात फार शिरू नका. नॅशनल गॅलरीकडे त्याचं एक वादळाचं चित्र आहे, साधारण १८६२ चं, लाकडी फळीवर, १२ बाय १६.५ सेंटिमीटर. मापाची कल्पना यावी म्हणून सांगतो, पोस्टकार्डापेक्षा जेमतेम मोठं. आणि त्यात तुफान आहे, जहाज आहे, क्षितिज आहे, आणि रंग म्हणाल तर काळा, राखाडी आणि खालचा पांढरा.

हे तो कसं करतो? लोक म्हणतात आधुनिक आहे, काळाच्या पुढे आहे. असेल. पण मी पेंटर म्हणून बघतो तेव्हा मला त्यात पुढचं काही दिसण्याआधी मागचं दिसतं, रंगाऱ्याचा हात दिसतो. घर सजवणारे रंगारी तेव्हा दारावर लाकडाच्या रेषा, खांबावर संगमरवर रंगवायचे. त्याची पद्धत अशी की खाली फिका, गुळगुळीत, वाळलेला थर, त्यावर पातळ गडद रंग, आणि तो ओला असतानाच कंगव्याने ओढायचा, फडक्याने टिपायचा, बोटाने पुसायचा, कोरड्या ब्रशने फटकारायचा. म्हणजे रंग लावून आकार काढायचा नाही, काढून घेऊन काढायचा. बाल्केची शेवटची चित्रं नेमकी अशीच आहेत. लाटेचा उसळता भाग म्हणजे ओल्या काळ्यातून ओढलेल्या रेषा, फेस म्हणजे पुसून उघडा केलेला खालचा पांढरा. अकादमीत जे शिकला ते त्याने गिऱ्हाइकांसाठी वापरलं आणि गिऱ्हाईक गेल्यावर टोटेनच्या शेतघरांमध्ये शिकलेलं वर आलं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे बोर्ड रंगवून हात तयार झालेले पेंटर ज्यांनी जवळून बघितलेत त्यांना हे लगेच पटेल, त्या हाताला एका फटकाऱ्यात काम संपवायची सवय असते आणि ती आर्ट स्कूलमध्ये मिळत नाही.

करून बघायचं असेल तर एक गोष्ट जवळून सांगतो कारण सगळं तिथेच अडतं. बाजारात मिळणारा अॅक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा हात, रंग शोषतो. त्यावर पातळ काळा लावून पुसायला गेलात तर पांढरा परत मिळत नाही, मळकट राखाडी डाग राहतो आणि मग लोक म्हणतात हे जमत नाही. म्हणून जेसोचे दोन-तीन हात द्या, बारीक पॉलिश पेपरने घासा, मग त्यावर पांढऱ्या ऑइलचा एक पातळ हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या, घाई नको, पावसाळ्यात तर अजून वेळ लागतो. आता त्या पृष्ठभागावरून रंग सरकतो आणि पुसला की स्वच्छ निघतो. फळी लाकडाची घ्या किंवा एमडीएफ, कॅनव्हास नको, त्याची वीण कंगव्याला आडवी येते.

रंग आयव्हरी ब्लॅक पुरे. हा काळा पातळ करून पांढऱ्यावर पसरला की किंचित तपकिरी, उबदार दिसतो, आणि तोच काळा पांढऱ्यात मिसळून लावला की निळसर, थंड होतो. म्हणजे एका ट्यूबमधून तुम्हाला दोन तापमानं मिळतात, जवळचा खडक उबदार आणि लांबचं आभाळ थंड. करून बघा, एका बाजूला पुसलेला पट्टा आणि शेजारी मिसळलेला पट्टा, फरक डोळ्यांना लगेच दिसतो. तुम्हाला बाल्केच्या काळ्या-पांढऱ्यात रंग असल्याचा भास होतो असं तुम्ही लिहिलंय त्यामागे मला हे कारण वाटतं. काही चित्रांत तो थोडा निळाही घेतो, पण सुरुवातीला घेऊ नका.

मग क्षितिज आधी ठरवा, बहुतेक खाली. समुद्राचा पट्टा एका दमात गडद, आडवा. मग कोरडा फ्लॅट ब्रश किंवा कडक पुठ्ठ्याला दाते कापून केलेला कंगवा घेऊन लाटेच्या दिशेने एकदाच ओढा. एकदाच. दुसऱ्यांदा त्याच जागी गेलात की चिखल. पहिली बरीचशी वाया जातात, छोट्या मापाचा फायदा हा की फडक्याने पुसून परत सुरू करता येतं. जहाज किंवा पक्षी सगळ्यात शेवटी, अगदी बारीक ब्रशने आणि तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या मापाचं. बाल्केचा कडा प्रचंड वाटतो तो खालच्या त्या एवढ्याशा जहाजामुळे, जहाज जरा मोठं केलं की कडा लगेच बुटका होतो.

आता फॉर्म्युल्याचं. तुमची शंका रास्त आहे आणि मी बाल्केची वकिली करणार नाही जिथे करू नये तिथे. नॉर्थ केप त्याने कितीतरी वेळा केलं आणि मधल्या काळातली काही चित्रं खरंच विकण्यासाठी केलेली पुनरावृत्ती वाटतात, माणसांच्या आकृत्या तर त्याला कधीच नीट जमल्या नाहीत. पण सगळ्याला एकच शिक्का मारू नका. मेट्रोपॉलिटनकडचं १८४८ चं चांदण्यातलं नॉर्थ केप घ्या, आणि १८६४ चं धुक्यातलं स्टेटिंड घ्या जे ओस्लोला आहे. स्टेटिंड हा नॉर्डलँडमधला समुद्रातून उठलेला सुळका, जवळपास १,४०० मीटरचा. पहिल्या चित्रात सगळं जागच्या जागी आहे, चंद्र, पाणी, कडा. दुसऱ्यात डोंगराचा बराच भाग धुक्याने खाल्लाय आणि जे उरलंय तेवढ्यावर डोंगर उभा आहे. आणि मग ती तळहाताएवढी चित्रं, त्यात तर जागेचं नावही सांगता येऊ नये इतकं कमी उरतं. फॉर्म्युला असलेला माणूस जे चाललं ते परत वापरतो, हा माणूस प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकत गेला, आणि ते सुद्धा कुणी विकत घेणार नाही हे माहीत असताना.

अजून एक बघा. तो गेला होता उन्हाळ्यात, तेव्हा तिकडे रात्रीसुद्धा उजेड असतो. आणि चित्रं काय आहेत, चांदणं, अंधार, ध्रुवीय प्रकाश. म्हणजे डोळ्यांनी बघितलं तसंच्या तसं तो आठवत नव्हताच. त्या प्रवासात समुद्रापुढे आपण केवढे आहोत हे जे त्याला कळलं ते त्याने धरून ठेवलं आणि उजेड, वेळ, ढग हे सगळं त्याच्या सोयीने बदललं. तुमच्या मधल्या वाक्याला माझं उत्तर हेच आहे, आठवणीतून केलेलं चित्र प्रामाणिक असतं, पण त्या जागेने तुम्हाला नक्की काय केलं हे तुम्हाला माहीत असेल तर. नसेल तर आठवणीतून फक्त नारळाची झाडं आणि होड्या निघतात.

हे प्रत्येकाला लागू नाही, हेही सांगतो. आपल्याकडे आबालाल रहिमान यांनी कोल्हापूर, रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवला तो तिथेच राहून, रोजचा उजेड बघत. त्यांची ताकद त्या रोजच्या बघण्यात आहे, हवेतला दमटपणा, पाण्यावरचा सकाळचा रंग. हे घरी बसून, वर्षाने आठवून होत नाही. म्हणून तुम्हाला रंगाचं, उजेडाचं वेड असेल तर जवळचा एखादा तलाव, नदीचा घाट धरा आणि तिथे दर आठवड्याला जा, कोकणाची खंत सोडा. पण तुम्हाला बाल्केची काळी-पांढरी चित्रं सोडत नाहीत, यावरून मला वाटतं तुमचा जीव आकारमानात, रिकाम्या जागेत, हवामानात आहे. तसं असेल तर वर्षातून एक फेरी कमी नाही.

फक्त ती फेरी फोटो काढण्यात घालवू नका. शक्य असेल तर जुलैमध्ये जा, गुहागर किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर ऐन पावसात समुद्र खरोखर दोन-तीन राखाडी रंगांचाच असतो, तुम्हाला नॉर्वे उसना आणायची गरज पडणार नाही. पेन्सिलने छोटी छोटी स्केचेस करा, रंग नको, आणि शेजारी शब्दांत लिहा की काय मोठं वाटलं, काय बारीक वाटलं, वारा कुठून होता, क्षितिज दिसत होतं की पुसलं होतं. घरी आल्यावर वही बंद करून ठेवा, निदान दोन-तीन महिने. मग वही न उघडता आधी चित्र करा आणि नंतर वहीशी ताडून बघा. जे दोन्हीकडे आहे ते तुमचं. जे फक्त चित्रात आलंय ते बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रातून आलेलं असतं, आणि सुरुवातीला ते बाल्केचंच असेल, टोकदार सुळके वगैरे. कोकणात तसे सुळके नाहीत, लांबलचक सपाट सडा आणि त्याची अचानक तुटलेली कड आहे, ती करा. समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग हर्णैहून दिसतो, बाल्केने वार्दोचा किल्ला केला तसा तुम्ही तो करून बघा, पण तट बुटका आणि पाणी भरपूर ठेवा कारण तिथे तसंच आहे.

थोडक्यात क्रम सांगायचा तर आधी पृष्ठभाग तयार करायला शिका, मग एका काळ्यात महिनाभर लाटा, मग जुलैची फेरी, आणि चित्र त्यानंतर.

राहिलं प्रदर्शनाचं. छोटं चित्र मोठ्या चित्रांच्या रांगेत लावलं की मरतं, त्यामुळे आयोजकांकडे स्वतंत्र भिंत किंवा निदान एक कोपरा मागा आणि तीन-चार चित्रं एकत्र लावा, पण मधे भरपूर अंतर सोडून. फ्रेम रुंद नको, चित्राभोवती चार-पाच इंच मोकळा माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधली कोरी पट्टी, ठेवा, शुभ्र पांढरा नाही तर किंचित मळका, नाहीतर तुमच्या चित्रातला पांढरा पिवळट दिसायला लागतो. काच शक्यतो लावू नका, ऑइल आहे, वाळल्यावर वॉर्निशचा पातळ हात पुरतो आणि काळ्या भागावर काचेत समोरच्या माणसाचाच चेहरा दिसतो. चित्र डोळ्यांच्या उंचीला लावा, दिवा वरून तिरका, आणि किंमत मापावरून ठरवू नका. इंचावर भाव लावायची पद्धत आहे आपल्याकडे, ती या कामाला लागू पडत नाही, हे आयोजकांशी आधीच बोलून घ्या.